ईस्टरचा बटाटा

आमच्या शेजारचे शांतवनकाका वर्षातून एकदा खिशात अंडं घेऊन बटाटे आणायला जातात. भाजीवालीच्या ढिगातला एकेक बटाटा त्या अंड्याशेजारी धरून बघतात. "हा फार गोल आहे, अक्का. स्वल्प लांबट दे." पहिल्या वर्षी अंडं कच्चं होतं आणि दुकानात गर्दी होती. तेव्हापासून उकडून नेतात.

काका मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. नोकरीसाठी बंगळुरात आले आणि इथलेच झाले, 'जरा'ला कन्नड 'स्वल्प' म्हणण्याइतके. ईस्टरला ते आणि सुमतीकाकू लाल रंगवलेली उकडलेली अंडी मजलाभर वाटायचे. पाच वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्याच वर्षी माझी आई साताऱ्याहून एचएसआर लेआउटमध्ये आमच्याकडे राहायला आली. कट्टर शाकाहारी! ईस्टरला दारात अंड्यांची ताटली बघून ती दोन पावलं मागे सरली, आणि काका बिचारे ओशाळले.

पुढच्या ईस्टरला तिच्यासाठी बीटाच्या पाण्यात रंगवलेला, अंड्याएवढा बटाटा आला.

"वहिनी, प्रभू काय फक्त अंडं खाणाऱ्यांसाठी उठला?" काका म्हणाले. "थडग्यातून जीव बाहेर आला, म्हणून आम्ही अंडं देतो. बटाटाही मातीत पुरला की कोंब धरतोच."

"उकडल्यावर नाही धरत, काका," मी म्हटलं.

"तू स्वल्प श्रद्धा ठेव."

आईला इथं ना कन्नड येत होतं, ना लिफ्टमधलं इंग्रजी. मी दिवसभर ऑफिसात. तिच्याशी घटकाभर मराठीत बोलणारे एकटे काकाच. त्यांचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

काकांची आणखी एक गोष्ट आम्हाला भिंतीतून कळली. ईस्टरच्या पहाटे ते मोठ्यानं म्हणतात, "प्रभू उठला आहे!" त्यावर घरातल्या दुसऱ्यानं "खरोखर उठला आहे!" असं उत्तर द्यायचं असतं. ते वाक्य काकूंचं. आता जरा थांबून, खालच्या आवाजात, तेही काकाच म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. आई दरवर्षी चहाचं आधण विसरून ऐकत उभी राहायची.

यंदा पहाटे ती दाराबाहेर रांगोळी काढत होती. मी तिला रंगाची वाटी द्यायला गेलो, तेवढ्यात चर्चला निघालेल्या काकांनी दार उघडलं. उंबऱ्यातच ते म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आणि नेहमीसारखे थांबले.

"खरोखर उठला आहे हो, भावजी!" आई म्हणाली.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आत जाऊन लाल बटाटा आणला आणि आईच्या रांगोळीनं भरलेल्या हातावर ठेवला. लिफ्ट आली आणि गेली. काका काही हलेनात.

"वहिनी," ते म्हणाले, "परत एकदा म्हणू का?"

"म्हणा की," आई म्हणाली, आणि पदर सावरून उभी राहिली.