इथलं ऊन इथलं

खामगाव शहर आणि आसपासच्या पाच कोसांतील तमाम वधूपिते, वरपिते, यजमान व आचारी यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपल्या घरच्या कार्याचं बोलावणं भगवान मिस्तरींना धाडायचं असल्यास चार दिवसांचा शिधा जास्त भरून ठेवावा. मांडवाच्या मेढी रोवायच्या आत हे गृहस्थ आपल्या दारात हजर होतील. त्यांच्या खांद्यावर लांब दांड्याचं रुंद फावडं असेल आणि काखेत दोराचं भलं मोठं वेटोळं असेल. घाबरून जाऊ नये. ते विहीर उपसायला आलेले नाहीत. ते लग्नाला आलेले आहेत.

ही दवंडी त्या काळी मी खरोखर पिटवायला हवी होती, कारण मिस्तरींचा शेजारी असल्यामुळे लोक मलाच येऊन विचारत, "मास्तर, तुमचा मिस्तरी बरा आहे न डोक्यानं?" मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे मिस्तरींच्या डोक्याची जबाबदारी माझ्याकडे आली असावी.

डोकं तर असं होतं की इंजिनाच्या पोटाला कान लावून कुठला नट रडतो आहे ते मिस्तरी सांगत. सरकी काढायच्या, म्हणजे जिनिंगच्या, हंगामात गावातल्या कापूस-प्रेसांची चाकं त्यांच्या एका हाकेवर फिरत आणि थांबत. पण प्रवासाचं नाव काढलं की हाच माणूस वेगळा होई. जलंबला जाऊन मेल गाडी धरायची असली तर हे आदल्या दिवशी सकाळी स्टेशनावर. तिथला पोर्टर त्यांना आपल्यातलाच समजून हिरवी झेंडी धरायला देई. एकदा नागपूरहून शाळा तपासायला साहेब येणार होते. मिस्तरींनी मला दोन दिवस आधीच शाळेत जाऊन राहायचा सल्ला दिला. शाळा माझ्या घरासमोर होती. मी आभाळाकडे बोट दाखवलं, लख्ख ऊन पडलेलं. मिस्तरींनी मान हलवली आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "इथलं ऊन इथलं, मास्तर."

या तीन शब्दांमागे अख्खी अमेरिका होती.

झालं होतं असं. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रेसच्या शेठजींनी नवं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि ते पारखायला मिस्तरींना अमेरिकेला धाडलं. सोबतीला कागदपत्रं बघायला बाळाभाऊ गुमास्ते. यंत्राचा कारखाना एका तळ्याकाठच्या गावात होता. तळं म्हणजे समुद्रच, फक्त पाणी गोडं. "आपलं लोणारचं तळं त्याच्यापुढं आचमनाले पुरणार नाही," असं मिस्तरी सांगत. काम संपलं. बाळाभाऊ तिकिटं काढायला आठ कोसांवरच्या मोठ्या शहरात पुढे गेले. मिस्तरी दुसऱ्या दिवशी यंत्राचे सुटे भाग घेऊन निघणार होते. बोटीला चार दिवस होते. आणि इकडे खामगावात मिस्तरींच्या एकुलत्या लेकीचं, गोदाचं, लग्न ठरलेलं होतं. ती बोट गाठली की बाप मांडवात.

त्या रात्री तळ्यावरून वारा सुटला. पाणी कोमट, वारा गारठलेला. तो वारा पाणी उचलतो, त्याचा बर्फ करतो आणि किनाऱ्यावरच्या एका पट्ट्यावर आणून ओततो. त्या पट्ट्यात मिस्तरी होते. सहा दिवस बर्फ पडला. पहिल्या दिवशी उंबरा गेला, दुसऱ्या दिवशी खिडक्या, तिसऱ्या दिवशी तर दार उघडलं की समोर पांढरी भिंत आणि भिंतीवर दाराच्या फळ्यांचे ठसे. रूळ गेले, वाट गेली. ज्या म्हातारीच्या घरात मिस्तरी उतरले होते, तिची गाय मागच्या गोठ्यात. दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचा आणि त्याला धरून जायचं. दोर सुटला तर माणूस आपल्याच अंगणात हरवून मरतो. मिस्तरी गाईला चारा घालून येईपर्यंत म्हातारी दारात उभी राहून लोखंडी तवा बडवत राही, म्हणजे बाहेरच्याला घर कुठल्या बाजूला आहे ते कळावं.

आणि गंमत अशी, म्हणजे मिस्तरींच्या दृष्टीने फाशीची शिक्षा अशी, की तिथून आठ कोसांवर, बाळाभाऊंच्या शहरात, लख्ख ऊन होतं.

बाळाभाऊ भला माणूस. त्यांनी स्टेशनावर वाट पाहिली, ऊन खाल्लं, शेवटी बोट धरली आणि गोदाच्या लग्नाला वेळेवर येऊन लाडूही खाल्ले. मिस्तरींच्या बायकोने, यमुनाबाईंनी, त्यांना भर मांडवात विचारलं, तिकडे हवा कशी होती? बाळाभाऊ जन्मात खोटं बोलले नव्हते. त्यांनी सांगितलं, "ऊन होतं, वहिनी. फार छान ऊन."

खरं बोलून एखाद्याचा संसार कसा हलवावा, ते बाळाभाऊंकडून शिकावं. कन्यादान काकाने केलं. मिस्तरी दीड महिन्यानं पोचले, ते बर्फ उपसलेलं फावडं आणि गोठ्याचा तो दोर घेऊन. पुरावा म्हणून आणले होते. यमुनाबाईंनी फावडं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "फावडं तं खामगावातही भेटते."

त्या दिवसापासून खटला उभा राहिला आणि वीस वर्षं चालला. मिस्तरी आरोपी, यमुनाबाई न्यायाधीश, आणि आम्ही सगळे शेजारी ज्युरीत. आरोपी रोज नवा पुरावा आणी. वैशाखात, जमिनीवर पापड भाजेल अशा उन्हात, त्यांनी दारापासून विहिरीपर्यंत दोर बांधून दाखवला. यमुनाबाईंनी त्यावर लुगडी वाळत घातली. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना जिनिंगमध्ये नेऊन रुईच्या ढिगात उभं केलं आणि वरून टोपल्या ओतायला लावल्या. नाकातोंडात कापूस, दिशा गायब. मी घाबरून एका हमालालाच मिठी मारली. मला बर्फ पटला. यमुनाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "थो कापूस आहे."

मी भूगोलाच्या आधारानं मध्ये पडलो. बाई, असं होतं, पुस्तकात आहे. त्या म्हणाल्या, "असन. पण वरवट बकालात गळ्याइतका बर्फ अन् बाजूच्या संग्रामपुरात ऊन, असं कुठं असते काय? अन् म्हणे वाट गेली. वाट कुठं जात असते काय, मास्तर?" मग आवाज खाली आणून, "थे म्हातारी किती म्हातारी होती, थे विचारा तुमच्या मिस्तरीले."

"सत्तर," मिस्तरी आतून म्हणाले.

"मोजायले कोण गेलं होतं?" त्यांनी मलाच विचारलं.

हसून घ्या. मीही हसत असे. पण त्या घरात मी एक गोष्ट पाहत आलो होतो: खटला उभा राहिल्यापासून यमुनाबाई नवऱ्याशी समोरासमोर बोलत नसत. ताट वाढत, पायाला तेल लावत, आजारात रात्री जागत, पण बोलायचं ते मांजराशी, भिंतीशी किंवा माझ्याशी. "मास्तर, सांगा, भाकर थंडी होऊन राह्यली." आणि मिस्तरी मी सांगायची वाट बघत बसत. जगातलं कुठलंही इंजिन उघडून बसवणाऱ्या त्या माणसाला हा एक नट वीस वर्षांत हलवता आला नव्हता.

मग गोदाच्या लेकीचं लग्न निघालं. गाव गोदाच्या सासरचं, खामगावपासून चार कोस. फाल्गुन महिना. मिस्तरी अर्थात चार दिवस आधी, फावड्यासकट. यमुनाबाई त्यांच्याबरोबर कधीच निघत नसत. ते तत्त्व होतं. "मी मुहूर्ताच्या दिवशी सकाळी निघीन. ऊन पाहून," त्यांनी मांजराला सांगितलं.

त्या दिवशी सकाळी ऊन होतं. आम्ही दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, बसलो. यमुनाबाई, मी आणि गाडी हाकायला किसन. यमुनाबाईंच्या मांडीवर आजोळची साडी. ती अंगावर घातल्याशिवाय नात बोहल्यावर चढायची नव्हती. साडेतीन कोस मजेत गेले. नंतर आभाळाच्या एका बाजूला काळी फळी उभी राहिली. किसन बैलांना म्हणाला, "चाला बे लवकर." पण बैलांच्या आधी ती फळी आमच्यावर आली.

पहिली गार बैलाच्या शिंगावर वाजली. पुढच्या क्षणी आभाळ फुटलं. लिंबाएवढ्या गारा, नुसत्या ओतत होत्या. बैल उधळले, वाट सोडून शेतात घुसले आणि दमणीचं चाक एका चरात बसलं, तसे जुवातून सुटून पळाले. छपराच्या तट्ट्याची चाळण झाली. रुखवतासाठी नेत असलेली पितळी परात मी यमुनाबाईंच्या आणि माझ्या डोक्यावर धरली. त्या परातीखाली आम्ही जो आवाज ऐकला तो अजून माझ्या कानात आहे. यमुनाबाई साडीवर पालथ्या पडून होत्या.

गारा थांबल्या तेव्हा मी बाहेर डोकं काढलं. सगळं पांढरं. घोट्याएवढा थर, आणि त्यातून वाफेसारखं धुकं वर येत होतं. उभा हरभरा झोपला होता. कोणाचा होता कोण जाणे. किसनने वाकून एक रोप उभं करून पाहिलं. यमुनाबाई उतरल्या. या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. झाड नाही, बांध नाही, चाकोरी नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "वाट कुठं गेली?"

त्यांच्या तोंडून काय निघालं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. मग त्यांनी आपला तांब्या गारांनी गच्च भरला आणि पदराखाली धरला.

किसनने बैल शोधून आणले, आम्ही चाक उचललं, यात तासभर गेला. पण जायचं कुठे? धुक्यात किसन एक दिशा सांगे, मी दुसरी. भूगोलाचा मास्तर असल्याची इतकी लाज मला कधी वाटली नाही. तेवढ्यात लांबून आवाज आला. टण्. टण्. टण्. लोखंडावर कोणीतरी काहीतरी हाणत होतं, थांबत नव्हतं.

किसन म्हणाला देवळातली घंटा असन. यमुनाबाई म्हणाल्या, "घंटा नाही थे. तिकडंच हाक."

आम्ही आवाजाच्या रोखानं निघालो. फर्लांगभर गेलो असू, एक बांध आला आणि बांधाच्या पलीकडे, माझ्यावर विश्वास ठेवा, धूळ उडत होती. कोरडी ठणठणीत जमीन, उभा हरभरा, ऊन. यमुनाबाई खाली उतरल्या. बांधावर उभ्या राहून त्यांनी अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं. एवढा वेळ न्यायाधीशांनी कुठल्याच पुराव्यावर घेतला नव्हता.

गावाच्या वेशीत मिस्तरी उभे होते. नवं धोतर, फेटा, डोक्यावर कडक ऊन, डाव्या हातात उभं धरलेलं फावडं आणि उजव्या हातात दगड. हाताला फोड आले होते, तरी बडवणं चालूच. चार पोक्त माणसं त्यांच्याभोवती उभी राहून हसत होती. त्यांच्याकडूनच कळलं की सकाळी शिवारापल्याड ती काळी फळी दिसली तेव्हापासून म्हातारा इथून हललेला नाही. मुहूर्ताला बोलवायला माणूस आला तर त्यालाही परत पाठवलं. दमणी दिसली तसा मिस्तरींनी दगड खाली ठेवला. बैलांच्या तोंडावरून हात फिरवला.

मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नात दुसरीच साडी नेसून उभी राहिली होती. आजीने लग्न पाहिलं नाही, आणि चार दिवस आधी येऊन बसलेल्या आजोबांनीही पाहिलं नाही. गोदा रडवेली झाली होती. "माय, माह्या लग्नाले बा नव्हता. माह्या पोरीच्या लग्नाले तुमी दोघंही नाही," ती म्हणाली. यमुनाबाई म्हणाल्या, गारा पडल्या, वाट गेली होती. आवाज अगदी बारीक.

गोदाच्या सासूबाई पुढे आल्या. बोलायला साखरेसारख्या. म्हणाल्या, "गारा? इथं तं सकायपासून ऊन आहे, इनबाई. फार छान ऊन." आणि मांडवाच्या फटींतून खाली पडलेले कवडसे त्यांनी बोटानं दाखवले. बायका पदराआड हसल्या.

यमुनाबाईंनी पदराखालून तांब्या काढला आणि त्यांच्यापुढे धरला. सासूबाईंनी वाकून पाहिलं. आत पाणी होतं.

"पाणी तं आमच्या विहिरीलेही आहे," त्या म्हणाल्या.

यमुनाबाईंनी तांब्यात पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. मी पुढे झालो, साक्ष द्यायला. पण त्यांची नजर माझ्यावर थांबली नाही. मांजर तिथे नव्हतं. भिंतही नव्हती, मांडवच होता. एका मेढीला टेकून, फोड आलेला हात मागे लपवून मिस्तरी उभे होते. यमुनाबाई थेट त्यांच्याकडे वळल्या आणि भर मांडवात, सगळ्यांदेखत, ओरडल्या,

"अवं, उभे काय राह्यले? सांगा न या लोकायले! तुमच्या तळ्यावर होतं, तसंच होतं म्हणा!"