वळणदार अक्षरातलं दिवाळं

दुकानाच्या शटरवर चिकटवलेली सरकारी नोटीस पाहून पेंटरना पहिला धक्का बसला तो अक्षराचा. ओळी उताराला लागलेल्या, शाई फुटलेली, वरून डिंकाचे ओघळ. अर्ध्या बाजाराच्या पाट्या ज्याने रंगवल्या, त्याच्याच दारावर असले काही लावावे याचे त्यांना मनापासून वाईट वाटले. मजकुराचा धक्का त्यानंतर बसला. या दुकानाच्या एका भागीदाराला दिवाळखोर ठरवण्यात येत असून, ज्यांचे पैसे अडकले असतील त्यांनी कार्यालयात दावा नोंदवावा, असे त्यात म्हटले होते.

भागीदार दोनच. एक स्वतः पेंटर आणि दुसरा त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पेंटर पाट्या रंगवत. मेहुणा गिऱ्हाईक, हिशेब आणि कर सांभाळी. निदान पेंटरांची तशी समजूत होती.

"दाजी, मी सांगणारच होतो," आत बसलेला मेहुणा म्हणाला.

"कधी? दुकान गेल्यावर?"

"कर थकला होता. तो भरायला कर्ज काढलं. मग हप्ते फेडता फेडता पुढचा कर थकला, दुकानाची उधारीही थकली."

"आणि माझ्या वाटणीचा कर मी दरवर्षी तुझ्या हातात देत होतो, त्याचं काय केलंस?"

"तुमचा अगदी वेळेवर भरला, दाजी. त्याला हात नाही लावला. माझाच राहिला."

पेंटरना चांगले खडसवायचे होते. पण या उत्तरानंतर कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

पुढे वाऱ्याने नोटीस फाटली आणि कार्यालयातले साहेब तावातावाने आले.

"नोटीस फाडणं गुन्हा आहे! ती लोकांना वाचता आली पाहिजे."

"मुळात ती वाचता येत होती कुठे?" पेंटरांचाही आवाज चढला. "तुम्ही मजकूर द्या. पाटी मी करतो."

मजकूर बदलला नाही म्हणजे झाले, म्हणून साहेब कबूल झाले आणि पेंटर इरेला पेटले. गर्द निळ्या रंगावर पिवळी अक्षरे, अक्षरांना लाल सावली, भोवती वेलबुट्टी. पाटी टांगायला ते शिडीवर चढले तेव्हा शिडी मेहुण्यानेच धरली होती. "दाजी, डावीकडून जरा वर घ्या," तो खालून सांगत होता, "'दिवाळखोर' तिरकं दिसतंय."

एवढी सुरेख पाटी पेंटरांच्या हातून आजवर झाली नव्हती. तिथेच सगळे फसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते, तो मजकूर आता लोक रस्त्यापलीकडून वाचू लागले. आधी प्लायवूडवाला आला, पाठोपाठ दुकानाचा घरमालक आला आणि दोघेही मेहुण्याला सोडून पेंटरांसमोर उभे राहिले.

"नाव तर त्याचं आहे," पेंटर म्हणाले.

"भागीदारी आहे ना? मग दुकानाचं देणं दोघांचं," प्लायवूडवाला म्हणाला. "सुक्याबरोबर ओलंही जळतं, पेंटर. पाटी मात्र झकास झालीय हं."

घरी बायकोने वेगळा समाचार घेतला. "आता घराच्या दारावरही एक रंगवा. शेजाऱ्यांची फार गैरसोय होते."

शेवटी पेंटर कर सल्लागाराकडे गेले. त्याने एकच उपाय सांगितला. भागीदारी मोडायची आणि तशी पाटी उद्याच्या उद्या लावायची. मागचे देणे सुटणार नाही. पण मेहुण्याचे नवे काही गळ्यात पडणार नाही आणि दुकान कदाचित वाचेल.

पेंटर नवी फळी घेऊन बसले. 'आजपासून भागीदारी संपली.' एवढेच लिहायचे होते, पण हात चालेना. त्यांना त्या पोराचा राग होता आणि त्याच्याशिवाय दुकानात बसायची कल्पनाही सोसवत नव्हती. अक्षरे कशीबशी उतरवून ते वेलबुट्टी काढत बसले. पाने काढली, फुले काढली, कळ्या काढल्या. अखेर लाल रंग संपला.

"मी आणतो," मेहुणा म्हणाला. "पण पाटी आजच पुरी करा, दाजी. माझ्यापायी ताईला रस्त्यावर आणू नका."

बऱ्याच वेळाने तो भरलेला डबा घेऊन परतला.

"पैसे कुठले?"

"उधार आणला."

"कोणाच्या नावावर?"

"दुकानाच्या. पाटी अजून लागली नाही ना!"

पेंटरनी कपाळावर हात मारला. मग त्यांच्या ध्यानात आले, की सर्वांत मोठी थकबाकी दुकानाला रंग पुरवणाऱ्या त्या रंगवाल्याचीच होती. "आणि त्याने दिला?"

"म्हणाला, स्वतःचं दिवाळं जो इतकं स्वच्छ लिहून लावतो, तो पळून जायचा नाही. बाकीच्यांनाही हप्त्यांवर राजी करतो म्हणाला. पण दोघंही दुकानात पाहिजेत. मी नसलो तर तुम्ही गिऱ्हाइकाकडे पैसेच मागणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. फक्त हिशेब माझ्याकडे नको, तिसऱ्या माणसाने बघावा."

पेंटरना एकदम भरून आले. त्यांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली, ओली अक्षरे पुसली आणि त्या जागी झरझर नवी लिहायला घेतली. मेहुणा खांद्यावरून एकेक शब्द वाचू लागला.

"आजपासून... हिशेब... मालकीणबाईंकडे..." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे ताईकडे?"

"दुसरी कोण मालकीण आहे इथे?"

अक्षरे पुसलेल्या चिंधीकडे मेहुण्याने एकदा पाहिले. "दाजी," तो काकुळतीने म्हणाला, "त्यापेक्षा 'संपली' बरं होतं हो."