दामूचा बोटभर ट्रक

घरकुलाच्या यादीत नाव लागावं म्हणून दामूने पाच वर्षं चपला झिजवल्या. ते नाव कापायला त्याच्या बायकोचं एक स्टेटस पुरलं.

दामू टोकावड्याजवळच्या पाड्यावरचा. जन्मभर त्याने ट्रकच्या बॉड्या रंगवल्या. गॅरेज बंद पडलं तेव्हा त्याला डोंबिवलीचे एक काका भेटले. काकांनी घरातली अख्खी खोली छोट्या रेल्वेला दिली होती. रूळ, बोगदा, फाटक, सगळं. त्या फाटकाशी थांबायला त्यांना एक ट्रक हवा होता. बोटभर, पण खरा वाटला पाहिजे.

दामूने तसा केला. पुठ्ठ्याची बॉडी, शर्टाच्या गुंड्यांची चाकं, चहाच्या पुडीतल्या कागदाची ताडपत्री. मडगार्डवर फडक्यातून गाळलेली तांबडी माती. बंपरला लिंबू म्हणून पिवळा रंगवलेला मोहरीचा दाणा. मग तो डांबरी रस्त्याच्या कडेला ठेवून, स्वतः पोटावर झोपून, बायकोच्या, देवकीच्या मोबाइलवर फोटो काढला. मागे माळशेजचे डोंगर. ट्रक डोंबिवलीला गेला. फोटो मात्र देवकीने स्टेटसला टाकला : ‘आमचा नवीन ट्रक’.

सकाळी शेजारची गोदू दारात उभी. “वयनी, पेढं कुठं हायत?”

“कसलं पेढं गो? बोटभर हाय त्यो.”

“हां, पैसा आला का मानसं असंच बोलतात.”

दुपारी पाड्यावरचाच जगन आला. त्याला पुतणीचं वऱ्हाड वैशाखऱ्याला न्यायचं होतं. “दामू, दोन दिवस ट्रक दे. डिझेल माजा.”

“जगन, त्यो हातात मावतो रे.”

“नाय द्यायचा तं नाय बोल. थट्टा नको करू.”

जगन तडक ग्रामसभेत गेला आणि तो फोटो ग्रामसेवकापुढे धरला. दामूच्या छपराला पाच वर्षं प्लास्टिक बांधलेलं आहे. ते बघायला यातलं एक टाळकं कधी आलं नाही. ट्रकची खातरी मात्र पाच मिनिटांत पटली. दामू देवकीला घेऊन धावत पोचला तोवर त्याच्या नावावर आडवी रेघ पडली होती.

“चारचाकीवाल्याला घरकुल नाही,” ग्रामसेवक म्हणाला.

“भाऊसाहेब, सहा चाकं हायत त्याला. आन सगळी गुंड्यांची.”

“म्हणजे ट्रक आहे, हे कबूल.” भाऊसाहेबांनी तेही लिहून घेतलं.

“कुठं हाय तं दाखव ना मग,” जगन म्हणाला.

“डोंबिवलीला.”

सभा हसली. दामूने चिडून काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी हौसेने फोन रुळांजवळ धरला. फाटक पडलेलं, पलीकडून मालगाडी धडधडत चाललेली, आणि अलीकडे दामूचा ट्रक उभा, मडगार्डवर माती.

“बगा,” जगन म्हणाला, “धंद्याला पन लागला. मुंबईच्या फेऱ्या मारतोय.”

“ड्रायव्हर कोन ठेवलाय?” मागून कुणीतरी विचारलं.

पाच वर्षांचं घर त्या फाटकाशी अडकलं होतं. “काका,” दामू फोनमध्ये ओरडला, “पाया पडतो, त्यो ट्रक उचला.”

आभाळातून एक भलामोठा हात उतरला. बोटात सोन्याची अंगठी. त्याने दोन बोटांत ट्रक धरला, वर नेला, उलटा करून खालच्या गुंड्या दाखवल्या. म्हातारी तानी हात जोडून उठून उभी राहिली. जगनने आधी फोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

भाऊसाहेबांनी खाकरून आडवी रेघ खोडली, बाजूला दामूचं नाव पुन्हा लिहिलं आणि सही करायला पेन टेकवलं.

फोन अजून चालूच होता. “दामू, ट्रक फारच झकास जमलाय,” काकांचा आवाज स्पीकरवर खणखणला. “आता पुढचं काम घे. बंगला. दुमजली, पक्का, गच्चीवर टाकी. पावसाळ्याआधी उभा झाला पाहिजे.”

पेन थांबलं.

“बंगला कुणाच्या नावावर?” भाऊसाहेबांनी विचारलं.

दामू काही बोलायच्या आत देवकी उठली, त्याच्या हातातला मोबाइल घेतला, बंद केला आणि कमरेला खोचला. “भाऊसाहेब,” ती म्हणाली, “आदी सही करा. फोटो आमी काडनार नाय.”