अग्रक्रमाची रांग

सान रोके स्थानकावर मारिव्हिक सकाळी साडेसहाला पोहोचली, तेव्हा कळा दहा-दहा मिनिटांनी येत होत्या. प्रसूतिगृह तिसऱ्या स्थानकाला लागून होतं. रस्त्याने जावं तर मनिलाकडे निघालेल्या गाड्यांच्या गर्दीत दोन तास मोडले असते. लाइट रेलने अकरा मिनिटं. नवरा जहाजावर, सासू अंथरुणावर. तेव्हा एकटीच पोट आणि पिशवी सांभाळत ती ट्रायसिकल रिक्षातून उतरली.

स्थानकात दोन रांगा होत्या, एक साधी आणि एक अग्रक्रमाची. दुसरी व्यवस्थापनाने गेल्या वर्षी मोठ्या करुणेने सुरू केली होती : ज्येष्ठ, अपंग, गरोदर बायका, कडेवर तान्हं असलेले, आणि ज्येष्ठांबरोबर प्रत्येकी एक सोबती. या सोबत्याच्या सवलतीची बातमी पसरली आणि उपनगरात आज्यांवरच्या प्रेमाला उधाण आलं. ज्या नातवांनी वर्षभरात आजीला "लोला, जेवलीस का?" असं विचारलं नव्हतं, ते पहाटे पाचला गरम पांदेसाल पाव घेऊन लोलाच्या दारात उभे राहू लागले. नातू कचेरीत पोहोचायचा आणि लोला उलट्या गाडीने घरी यायची. ज्यांना आजी नव्हती ते शेजाऱ्यांची मागून नेत. आता अग्रक्रमाची रांग जिना उतरून, औषधाच्या दुकानाला वळसा घालून चर्चपर्यंत गेली होती. साध्या रांगेत तिघेजण होते.

मारिव्हिक अर्थातच साध्या रांगेकडे वळली. पहारेकरी रोडेलने काठी आडवी धरली.

"मॅम, इकडे नाही. गरोदर बायकांना साध्या रांगेत मनाई आहे. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"अहो कुया, दादा, ती रांग चर्चपर्यंत गेलीय! मला कळा येतायत."

"म्हणूनच तर तुम्हाला अग्रक्रम, मॅम." त्याने रिवाजाप्रमाणे काठीने तिच्या पिशवीतली लंगोटं ढवळली, त्यात स्फोटक काही नाही याची खात्री केली आणि अदबीने चर्चची दिशा दाखवली.

रांगेतल्यांना तिची फार दया आली. जिन्याजवळ उभ्या असलेल्या लोला चोलेंगने तर गालावर हात ठेवला. "कितवं गं, पोरी?"

"पहिलंच."

"मग वेळ आहे. पहिल्याला वेळ लागतोच. मी चाळीस वर्षं सुईणपण केलंय," असं म्हणून लोला चोलेंगने जागच्या जागी पाय घट्ट रोवले. एवढं मात्र तिने सांगितलं, की अग्रक्रमाची रांग लांबल्यामुळे मागच्या महिन्यापासून अति-अग्रक्रमाची खिडकी उघडली आहे. तिथे कागद दाखवावा लागतो.

खिडकीत श्रीयुत बुएनाव्हेंतुरा बसले होते. त्यांनी डॉक्टरचा दाखला दोनदा वाचला.

"मॅम, यावर प्रसूतीची तारीख चौदा आहे."

"अंदाजे दिलीय, सर."

"आज सोळा. म्हणजे कागदानुसार तुमची सुटका परवाच झाली. अभिनंदन!"

"अहो, हे पोट बघा की!"

"पोट हा पुरावा नव्हे. लोक उशा बांधून येतात. तुम्ही शेजारच्या, तान्ह्या मुलांच्या खिडकीवर जा."

शेजारच्या खिडकीवरही श्रीयुत बुएनाव्हेंतुराच बसत. ते खुर्चीसकट सरकले. "बोला मॅम. मूल कुठे आहे?"

"आत!"

"मग ते नियमानुसार कडेवर नाही."

मारिव्हिकने कठडा घट्ट धरला. बाळाला काही झालं तर, या विचाराने तिच्या अंगाला घाम फुटला होता. "मग मला साध्या रांगेतून तरी सोडा हो! कागदावर मी गरोदर नाही ना?"

"कागदावर नाही, पण दिसायला आहात. रोडेल दिसण्यावरून ठरवतो, मी कागदावरून. एकमेकांच्या कामात आम्ही ढवळाढवळ करत नाही." तरीही ते निर्दयी गृहस्थ नव्हते. त्यांनी मुख्य कचेरीला फोन करून मार्गदर्शन मागवलं. बावीस मिनिटांनी उत्तर आलं : डॉक्टरकडून सुधारित तारखेचा दाखला आणावा. डॉक्टर तिसऱ्या स्थानकावर होते.

सात वाजून वीस मिनिटांनी मारिव्हिक खिडकीखालीच आडवी झाली. लोला चोलेंगला राहवलं नाही. पण रांग सोडली तर नंबर जातो, म्हणून तिने जिन्यावरूनच ओरडून सूचना दिल्या. "अरे रोडेल, ती काठी टाक! हात धू! डोकं दिसतंय का? आता ओढू नकोस रे गाढवा, नुसतं धर!" रोडेलने धरलं. मुलगी होती. ती जोरात रडली, तेव्हा रोडेलही रडला.

रांगेने टाळ्या वाजवल्या. चारशे फोन डोक्यांवर गेले, सगळ्यांनी चित्रण केलं. जागेवरून कोणी हललं नाही.

श्रीयुत बुएनाव्हेंतुरांनी मूल बारकाईने पाहिलं. "दोन दिवस उशीर झालेला आहे. या खेपेला फक्त समज देतो," म्हणत त्यांनी शिक्का मारला. रोडेलने मायलेकींना हाताला धरून डब्यात चढवलं. प्रसूतिगृह अजून गाठायचंच होतं; नाळ कापायची होती, टाके घालायचे होते.

डब्यात मारिव्हिक एका हाताने दांडा धरून उभी राहिली. दुसऱ्या हातात बाळ होतं. समोर राखीव आसनावर एक सज्जन बसले होते. वाईट नव्हते, तुमच्याआमच्यासारखेच होते. ते फोनवर तिचंच चित्रण पाहत होते. बाळाचं रडणं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. 'माणुसकी अजून जिवंत आहे,' असं त्यांनी खाली लिहिलं, पुढे जोडलेले हात टाकले, फोन खिशात ठेवला. मग त्यांची नजर वर गेली, मारिव्हिकवर पडली आणि त्यांना ताबडतोब गाढ झोप लागली.