सीलबंद बुडबुडे

भूगोलाचे मास्तर निवृत्त झाले आणि त्यांनी बैठकीच्या खोलीत माशांची काचपेटी मांडली. मासे मजेत होते. पेटीतल्या झाडांनी मात्र माना टाकल्या. पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, असे कळल्यावर मास्तरांनी सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीत साखर, पाणी आणि चिमूटभर यीस्ट घातले, बुचाला भोक पाडून नळी बसवली आणि तिचे टोक पेटीत सोडले. बुडबुडे सुटले. झाडे तरारली. मास्तर शेजाऱ्यांना ओढून ओढून दाखवू लागले.

बाटलीचा आंबूस वास जिन्यात पोचला, तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांनी कर्तव्यबुद्धीने वर कळवले. निरीक्षक आले.

"दारू गाळताय?"

"छे हो! गॅस करतोय. झाडांसाठी."

निरीक्षकांचा चेहरा उजळला. दारू त्यांच्या खात्यात येत नव्हती. गॅस येत होता.

"म्हणजे राहत्या जागेत विनापरवाना वायुनिर्मिती."

"अहो, हाच वायू तुम्हीही सोडताय. आत्ता. नाकातून."

"मी ड्युटीवर आहे," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी नळी उपटून बुचाच्या भोकावर लाख ओतली.

मास्तर घाबरले. "बंद नका करू! आत गॅस होतच राहणार. फुटेल ती!"

"सरकारी सील आहे. फुटत नसतं."

"निदान गच्चीवर तरी ठेवू द्या," मास्तरांची बायको म्हणाली.

"मुद्देमाल जागचा हलवता येत नाही, वहिनी."

बाटली फुगू लागली. मास्तरांनी कार्यालयात फोन केला. तिथे त्यांना सौजन्याने सांगण्यात आले की सील लावण्याचा विभाग हा आहे, फुगण्याचा वेगळा आहे आणि तो अजून स्थापन व्हायचा आहे. बायकोने निमूटपणे मासे बादलीत काढून न्हाणीघरात नेले. झाडे मात्र पेटीच्या वाळूत रुजलेली. ती कुठे नेणार?

रविवारी सगळी इमारत बाटली बघायला लोटली. अध्यक्षांनी तिला कान लावला. "काही होत नाही हो, उगाच बाऊ करताय!"

तेवढ्यात बूच उडाले. पेटीची काच तडकली, पाणी लोंढ्याने जमिनीवर आले आणि आंबलेला पाक छताला लागून सर्वांच्या डोक्यावर उतरला. मास्तर गुडघ्यांवर बसून झाडे गोळा करू लागले. ती त्यांच्या हातात चिंध्यांसारखी लोंबत होती.

निरीक्षक पुन्हा आले. "सील तोडलंत! गुन्हा आहे हा."

"आपोआप उडालं! विचारा ना ह्यांना."

निरीक्षकांनी विचारले. चिकट केसांचे शेजारी एकेक करून म्हणाले, "आम्ही घरी नव्हतो." अध्यक्षांनी मिशीतला पाक पुसला. "मी तर गावालाच गेलो होतो."

आता सुनावणी आहे. कोणाच्या बाजूचा नसलेला एखादा साक्षीदार आणा, असे मास्तरांना फर्मावले आहे. बाटलीत काय होते, सील कोणी लावले, बूच कसे उडाले, हे पहिल्यापासून पाहिलेले असे तुम्हीच उरला आहात. मास्तरांनी तुमचे नाव देऊन टाकले आहे.

का हो, पान का उलटताय?