नेटचं आजचं नाव

आमच्या कॉलेजच्या वायफायला कॉलेजचं नाव नव्हतं. लाखनी गावात इंग्रजी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी फोन उघडला तर नेटवर्कचं नाव दिसलं, 'नळ कोन सुरू ठेवला'. मी घाबरून आधी नळ बघून आले.

हे काम धनराजभाऊंचं. कॉलेजचं नेट तेच सांभाळतात. माणूस इतका अबोल, की समोरून कोणी आलं तर केबल तपासू लागतो. केबल नसली तरी. जे सांगायचं ते नेटच्या नावात. 'पंखे बंद करा'. 'लायब्ररीत घोरू नका'. 'हिरवी स्कूटी हटवा'. नाव बदललं की सगळ्यांचं नेट तुटायचं आणि पुन्हा जोडताना नवं नाव वाचावंच लागायचं.

"नोटीस कोणी वाचत नाही, मॅडम," त्यांनी एकदा भिंतीकडे बघत मला समजावलं. "नेट गेलं का सारेच वाचतेत."

मुलं वैतागायची, पण पंखे बंद करायची. चारचौघांत तोंड उघडायचं मीही टाळते. त्यामुळे मला ही पद्धत भलतीच आवडली. स्टाफरूममधल्या दोघा-तिघांसाठी मी मनात नेटची नावंही तयार ठेवली होती.

घोळ झाला तपासणी समितीच्या दिवशी. तयारीसाठी रात्रभर जागलेले प्राचार्य सकाळी खुर्चीतच लवंडले. धनराजभाऊंना दया आली. समिती दुपारी यायची होती, ती आली सकाळीच. समितीतल्या बाईंनी नेट जोडायला फोन काढला आणि मोठ्यानं वाचलं, "साहेब झोपले हायत, हळू बोला."

पुढचा बराच वेळ सगळे खरंच हळू बोलले.

समिती गेल्यावर प्राचार्य मात्र हळू बोलले नाहीत. यापुढे नेटला फक्त कॉलेजचं नाव. पुन्हा बदललं तर नोकरी विसरायची.

"झोपमोड होऊ नये म्हून लिवलं जी," धनराजभाऊ एवढंच म्हणाले.

तेव्हापासून नेट एकदाही तुटलं नाही. रिकाम्या वर्गांत पंखे फिरत राहिले. धनराजभाऊंचं सगळ्यांशी असलेलं बोलणंच बंद पडलं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आठवडाभरानं मधल्या सुट्टीत ते आमच्या विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. मी तिथे एकटीच जेवते.

"नेट चालू हाय ना, मॅडम?"

"आहे."

"काही तरास?"

"नाही."

तरी ते जाईनात. मग त्यांनी पाठीमागचा हात पुढे केला. हातात डबा होता. मी खुर्चीवरची पुस्तकं उचलली.

बसल्यावर त्यांनी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण माझ्याकडे सरकवलं.

"मीठ कमी असन," ते म्हणाले. "घरी सांगनारं कोणी नाही."

मी चाखून बघितलं. कमीच होतं. मी तसं सांगितलं.