भाऊजींचं माप

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दहा हजार रुपये, अनामत म्हणून, रोख. ठिकाण देशपांडे नगरातलं एक नर्सिंग होम. हजर तिघे: माझी थोरली बहीण अक्का, मी, आणि खुद्द पेशंट, म्हणजे अक्काचे यजमान, आमचे भाऊजी. मी पैसे मोजत होतो तेव्हा भाऊजी कोपऱ्यातल्या वजनकाट्यापुढे वाकून उभे होते. मग सावकाश सरळ झाले आणि काउंटरवरच्या बाईला म्हणाले, "सुई शून्यावर नाही. सगळ्या हुबळीला तुम्ही सातशे ग्रॅमनं लठ्ठ करून ठेवलंय."

बाईनं मान वर केली नाही. भाऊजी दारू सोडायला आले होते.

हे गृहस्थ तीस-एक वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते; दुकानदारांच्या काट्या-मापांवर दर वर्षी तपासणीचा शिक्का मारायचा तो त्यांनी. 'माप म्हणजे माप' हे त्यांचं वाक्य. ते जुन्या हुबळीच्या बाजारात शिरले की पहिल्या दुकानातून शेवटच्या दुकानापर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचायची. कोणाचा चहा घेतला नाही. का, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "अनंता, चहा प्यालो की त्याच्या तराजूत माझंच वजन पडतं."

खातं ऑफिसात ठेवून घरी येणाऱ्यांपैकी ते नव्हते. दूधवाल्याचं दूध रोज स्वतःच्या मापानं मोजून घ्यायचे. धारवाडला माझ्याकडे यायचे तेव्हा पेढे आणायचे, पण आधी दुकानदाराला रिकामा खोका तोलायला लावून. माझी मुलगी जन्मली, नर्सनं वजन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी भाऊजी पिशवीत काटा घेऊन दवाखान्यात हजर. तोलून झाल्यावर गंभीरपणे म्हणाले, "फरक आहे. पण बाळाच्या बाजूनं आहे, म्हणून सोडतो."

त्यांना फक्त एका बाईनं हरवलं. आमच्याकडे फुलांची माळ हातानं मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. कोपऱ्यावरच्या फूलवालीला भाऊजी म्हणाले, "तुझा हात आखूड आहे." ती म्हणाली, "मग शिक्का मारा की साहेब हातावर! दर वर्षी येऊन दाखवते." सगळा कोपरा हसला. भाऊजी हसले नाहीत. नियमात हाताची तरतूद नाही, हे त्यांना खरोखर लागलं होतं.

मग ते निवृत्त झाले. एकुलती मुलगी आधीच लग्न होऊन पुण्याला गेली होती. बाजारात आता त्यांच्याकडे कोणी बघेना. सहा वर्षांपूर्वी संध्याकाळची सुरू झाली, मग दुपारची. पुढचं आम्ही मोजलं नाही. अक्का फोनवर एवढंच म्हणायची, "आज जरा जास्त झालीय." मी हिशेबाचा माणूस, एका पतसंस्थेत लेखापाल. 'जरा' म्हणजे किती, हे मी विचारायला हवं होतं. पण धारवाडहून रोज जाऊन तरी काय करणार, असं म्हणून फोन ठेवायचो.

दसऱ्याला भाऊजींनी आपण होऊन सोडली. देवापुढे नारळ फोडला आणि बाटली मोरीत रिकामी केली. अक्कानं गोड केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम सुटला, कपबशी हातात ठरेना. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरून चालणारे मुंगळे मोजायला लागले. भिंतीवर काही नव्हतं. अक्कानं घाबरून शेजारच्याकडून बाटली मागवली आणि स्वतःच्या हातानं त्यांना पाजली. बेचाळीस वर्षं रोज पूजा करणारी बाई! ती मला हे सांगताना रडली नाही, नुसती भिंतीला टेकून बसली. "मी थकले रे अनंता," म्हणाली.

देशपांडे नगरातल्या डॉक्टरीण बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रोज पिणाऱ्यानं घरी एकदम सोडणं हेच धोक्याचं. झटके येतात, जीव जाऊ शकतो. आठवडाभर ॲडमिट करू. औषध देऊन, लक्ष ठेवून, हळूहळू उतरवू."

भाऊजी म्हणाले, "प्यायला कधी डॉक्टर लागला नाही. सोडायला कसा लागतो?"

"जिना चढताना पळत चढलात, काका. उतरताना कठडा धरायचा."

तर असे आम्ही त्या सोमवारी तिथं होतो. भाऊजींना कॉट मिळाली, अक्काला खुर्ची, मला दाराची चौकट. डॉक्टरीण बाई कागद घेऊन बसल्या आणि विचारलं, "दिवसाला किती घेता?"

"स्वल्प," भाऊजी म्हणाले.

"स्वल्प म्हणजे किती?"

"दोन पेग. संध्याकाळी. जेवणाआधी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, ह्या आकड्यावर मी औषध ठरवणार आहे. आकडा कमी, तर औषध कमी. रात्री झटका आला तर मला दोष देऊ नका."

भाऊजींनी एकदा अक्काकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "दोन."

पाव किलो पेढ्यात खोक्याचं वजन धरू न देणारा हा माणूस! मला राग आला, पण तोही दमलेला राग. मी अक्काला म्हणालो, "जरा शहाळं घेऊन ये." ती गेल्यावर म्हणालो, "भाऊजी, आता ती नाही. खरं सांगा."

"खरंच सांगतोय की. तू कोण रे मला विचारणारा? तुला पेग म्हणजे काय ठाऊक?"

"मला नाही ठाऊक. डॉक्टरांना आहे. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

"दोन म्हणजे दोन."

अक्का दारातच उभी होती. शहाळ्याला ती गेलीच नव्हती. आत आली, पदर खोचला आणि डॉक्टरीण बाईंना म्हणाली, "एक बाटली लिहा. अंघोळीच्या आधीपासून सुरू होते. न्हाणीघरात तांब्यामागे एक असते, एक स्कूटरच्या डिकीत."

मग भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"तुम्ही गावाची मापं बघत होता. मला घरात दुसरं काय होतं बघायला?"

डॉक्टरीण बाईंनी लिहायला घेतलं. भाऊजी पेनाच्या टोकाकडे बघत राहिले. बाईंनी 'एक' लिहून पूर्णविराम दिला, तसं त्यांच्यानं राहवेना.

"एक नाही," ते म्हणाले. "सव्वा. सव्वा लिहा."

औषध सव्वाच्या हिशेबानं सुरू झालं. पहिल्या दोन रात्री वाईट गेल्या, पण झटका आला नाही. नुसतं 'दोन' वर गेलो असतो तर काय झालं असतं, हे डॉक्टरीण बाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं. ते इथं लिहीत नाही. मी ऑफिस सुटलं की धारवाडहून बस धरायचो, खिडकीला डोकं टेकून झोपायचो आणि कंडक्टरनं हलवलं की उतरायचो. अक्का खुर्चीतच झोपायची. घरी जा म्हटलं की म्हणायची, "उद्या जाते."

दर चार तासांनी नर्स यायची. "अज्जा, कै मुंद माड्री," म्हणायची, म्हणजे हात पुढे करा. भाऊजी दोन्ही हात पसरायचे, ती बोटांची थरथर बघायची, मग मनगट धरून नाडी मोजायची. पहिल्या दिवशी भाऊजींनी तिला सांगितलं की तुझं घड्याळ दीड मिनिट मागं आहे. ती म्हणाली, "नाडी घड्याळाला बघून चालत नाही, अज्जा." पुढे पुढे तिची वेळ झाली की ते आधीच हात पसरून बसलेले असायचे.

शेवटच्या सकाळी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "शरीरातली उतरली. हे पहिलं पाऊल. आता खरं काम. दर आठवड्याला समुपदेशनाला यायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत." अक्का पिशवी भरायला लागली. भाऊजींनी मला खुणेनं खिडकीपाशी बोलावलं.

"अनंता, आणखी एक दिवस राहता येईल का विचार. पैसे माझ्या पेन्शनीतून देतो."

"का? काही होतंय?"

"होत काही नाही." ते खाली बघत राहिले. "इथं दर चार तासांनी कोणी तरी माझा हात हातात घेतं. घरी कोण घेणार? पूर्वी बाजारात लोक घाबरायचे, पण बघायचे तरी. आता फळवाला सुद्धा मी काटा बघतोय का, ते बघत नाही."

सहा वर्षांत मी तरी त्यांचा हात कुठं धरला होता? मी डॉक्टरीण बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गरज नाही, आणि कॉटसाठी बाहेर एक जण थांबलाय. मी वळलो तर अक्का पिशवीचा बंद ओढत उभी होती. तिनं किती ऐकलं, कोण जाणे.

खाली सामानाची पिशवी खांद्याला लावून मी बिल चुकतं केलं. मग समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीचं नाव लावायचं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, "पेशंटचे दोनशे. सोबतच्यांना बाहेर बाकावर बसता येतं, त्याचं काही नाही."

"आत बसायचं असलं तर?" अक्कानं विचारलं.

"मग आणखी शंभर."

मी खिशात हात घातला. "तू थांब," अक्का म्हणाली. तिनं कमरेची पैशाची पिशवी एका हातानं काढली, दातांनी उघडली आणि नोटा पुढे केल्या.

बाईनं त्या घेतल्या नाहीत. "बलगैले कोड्री, अक्का," ती म्हणाली. उजव्या हातानं द्या. आमच्या घरात डाव्या हातानं कधी कुणाला पाणी सुद्धा दिलेलं नाही.

"तो मोकळा नाही," अक्का म्हणाली.

बाईनं काउंटरवरून वाकून पलीकडे पाहिलं आणि निमूटपणे नोटा उचलल्या. भाऊजी अक्काच्या उजव्या अंगाला खेटून समोरच्या भिंतीकडे बघत होते, मान ताठ, कान लाल.

एकूण तीनशे रुपये, बैठकीचे, दोघांचे. अक्कानं दिले, काउंटरवरच्या बाईला, डाव्या हातानं.